टाचणीचा डोह

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भुताखेतांतला माणूस नाही. आमच्या पाड्यात भगत आहे, नात्यानं माझा चुलत चुलताच लागतो. पण ताप आला की मी त्याच्या दारावरून सरळ पुढे जातो, एसटी पकडतो आणि डहाणूच्या डॉक्टरकडून गोळ्या आणतो. पाड्यातला पहिला ग्रॅज्युएट आहे मी... बी.ए., पॉलिटिकल सायन्स, सेकंड क्लास. सेकंड क्लास सांगायला मला लाज वाटत नाही. माझ्या आधी आमच्या घरात कोणाला सहीसुद्धा येत नव्हती. या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, ते खरं तर हसायला. तेव्हा आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार नाही.

गोष्ट १९८८ च्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा डहाणूला एका सरकारी कचेरीत क्लार्क होतो. आमचं गाव तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला. वडील — आम्ही ‘बा’ म्हणायचो — वारून चार वर्षं झाली होती. गावी धाकटा भाऊ नवसू. दोन एकर उताराची वरकस जमीन, बैलजोडी आणि नदी.

नदी म्हणजे नवसूचीच म्हणायची. कारण सांगतो. मला सहाव्या वर्षी आश्रमशाळेत घातलं. सुट्टीत घरी यायचो तेव्हा बा आणि नवसू पहाटे जाळं खांद्यावर टाकून निघालेले असायचे. मीही पायात घुटमळायचो. बा म्हणायचा, “तू वाच. नदी कठं जात नाय.” मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. दुपारी ते दोघं यायचे, अंगाला माशाचा वास, आणि दोघांच्यात कसलं तरी हसणं चालू असायचं, जे अंगणात शिरताच थांबायचं. माझ्यासाठी सगळ्यात मोठा मासा ठेवलेला असायचा, हे खरं आहे. पण मला मासा नको होता. मला त्या हसण्याचं कारण हवं होतं. ते कोणी सांगितलं नाही.

मत्सर म्हणतात तो हाच. शिकलो म्हणून तो जात नाही, उलट त्याला शब्द सापडतात.

तर त्या वर्षी आमच्या कचेरीत गुप्ते साहेब बदलून आले. मूळचे पुण्याचे, मधली काही वर्षं डोंगराळ मुलखात उत्तरेकडे काढलेली. तिथे त्यांना फ्लाय फिशिंगचा नाद लागला होता. गळाला पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब लवचिक काठीनं ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा किडा समजून वर येतो. आणि धरलेला मासा साहेब परत पाण्यात सोडायचे! हे कळल्यावर आमच्या टायपिस्ट जयाबेन दोन मिनिटं टाइप करायच्याच थांबल्या.

“माखी थी माछली पकडे, ने पछी छोडी दे?” त्या मला म्हणाल्या. “मग जातात कशाला? मासा न आणायला घरी बसलं तरी चालतं.”

साहेबांना मे महिन्यात आठवडाभर रजा घेऊन आपल्या नव्या मुलखातल्या नद्या बघायच्या होत्या. त्यांना इथलं काहीच माहीत नव्हतं. मी तिथलाच, वर बी.ए., म्हणून नियोजन माझ्याकडे आलं. कुठल्या दिवशी कुठला डोह, जीप कुठवर जाते, सावली कुठे, पिण्याचं पाणी कुठे. “तुमचे वडील मासे धरायचे ना? मग तुम्हाला सगळं ठाऊक असणार,” साहेब म्हणाले. मी म्हणालो, “हो सर. सगळं.”

खोटं. मला चार डोहांची नावं ठाऊक होती, तीही पाड्यातल्या बायका कपडे धुवायला जातात ती. ज्या मुलखाचा प्लॅन मी साहेबांसाठी करायला बसलो होतो तो मलाच अनोळखी होता. साहेबांनी आणलेला सर्व्हेचा नकाशा टेबलावर पसरून मी माझंच गाव शोधत होतो.

नवसूला विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आणि तो आलाही, आपणहून. एप्रिलच्या शेवटी ताडगोळ्यांची पाटी घेऊन कचेरीत आला, पायात चप्पल नाही, दारातच उभा. साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या माश्यांची डबी टेबलावर उघडी होती. नवसूनं एकेक माशी नखानं उलटसुलट केली आणि म्हणाला,

“सायब, ही आपल्या पाण्यावर नाय चालायची. आता उंबरा पिकलेत. उंबर पाण्यात पडतो, फुटतो, त्यातली चिलटा बाहेर येतात. मासा ती खातो. इतकी मोठी माशी बघून तो पळंल.”

साहेब उठून उभे राहिले. अक्षरशः! नवसूला खुर्ची दिली. “बसा, बसा. बारीक माशी? काळी?” अर्धा तास दोघं बोलत होते. साहेब कागदावर लिहून घेत होते — ज्याला लिहिता येत नाही त्याचं बोलणं! मी त्या टेबलासमोर रोज फाईल घेऊन उभा राहायचो. मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. नवसूनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. त्याच्या मनात काही नव्हतं, आज मला कळतं. तेव्हा मात्र डोकं तापलं.

बाहेर व्हरांड्यात तो म्हणाला, “दादा, सायबाला मी फिरवतो. तू कशाला उन्हात?”

“तुझी गरज नाही. मी रीतसर नियोजन करतोय.”

“कुठला डोह कुठला दीस, सांग तरी.”

“ऑफिसचं काम आहे नवसू. तुला नाही कळायचं.”

तो हसला. “नदीचा काम मना नाय कळायचा?” आणि रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून एसटी स्टँडकडे गेला.

पाच दिवसांचा तक्ता मी कसाबसा भरला. चार डोह माहीत होते ते, आणि पाचवा नकाशावरचा बंधारा. सहाव्या दिवसाचा रकाना मोकळा होता. साहेब म्हणाले, “इथे काहीतरी खास टाका. तुमच्या वडिलांची स्वतःची जागा. जी नकाशात नाही.”

आता काय लिहू? जयाबेन टाइपरायटरमध्ये तीन कार्बन घालून माझ्या तोंडाकडे बघत बसलेल्या. माझ्यासमोर टाचण्यांची डबी होती. मी तिच्याकडे बघून बोलून गेलो, “सहावा दिवस. टाचणीचा डोह.”

जयाबेन खोखो हसल्या. “तुमच्याकडे डोहाला पण स्टेशनरी लागते? उद्या गोंदाचा धबधबा काढाल!”

“टाइप करा,” मी म्हणालो. एकदा नाव बोललो तशी जीभच सुटली. मी भराभर सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. तो कागद अजून माझ्याकडे आहे, तिसरी कार्बन कॉपी, पुसट. जसंच्या तसं उतरवतो —

“टाचणीचा डोह. ओहळ नदीला मिळतो तिथून वर तिसरे वळण. डाव्या काठास उंबर. उंबराचे एक मूळ पाण्यावर आडवे गेलेले आहे, त्यावर एक माणूस बसू शकतो. बसल्यास पाय पाण्यास टेकतात. समोर काळा खडक, बसक्या म्हशीसारखा. सकाळी नऊपर्यंत सावली.”

मनात ठरवलं होतं, सहाव्या दिवशी सांगायचं — सर, यंदा डोह आटला. मे महिन्यात असं सांगायला काही कठीण नाही.

सहल सुरू झाली. डहाणूहून जीप निघायची, रानशेत, मग चारोटीला चहा आणि वडा, मग हायवेनं तलासरी. साहेब, ड्रायव्हर आणि मी. पहिल्या डोहावर बायका धुणी आपटत होत्या. दुसऱ्यावर म्हशी. तिसऱ्यावर साहेबांची माशी करवंदीत अडकली, ती सोडवताना माझा शर्ट फाटला. बोटाएवढे मासे वर यायचे, माशी हुंगून परत जायचे. पाचव्या दिवशी बंधारा कोरडा निघाला, आणि ‘आटला’ हे कारण मला एक दिवस आधीच वापरून टाकावं लागलं. साहेब सज्जन माणूस. फक्त जीपमध्ये बसताना म्हणाले, “त्या तुमच्या भावाला आणायला हवं होतं का हो?”

झोप म्हणून लागली नाही मला. त्या एका वाक्यानं.

सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही ओहळाच्या संगमावर उतरलो. बघतो तर नवसू पाण्यात उभा, बैल धूत होता. साहेबांनी हात वर केला. “या, या नवसू! आज तुमच्या वडिलांच्या डोहावर चाललोय आम्ही.” खिशातला तक्ता काढून मोठ्यानं वाचला, “टाचणीचा डोह.”

नवसूच्या हातातला पेंढ्याचा बोळा पाण्यात पडला. वाहत गेला, त्यानं उचलला नाही.

“काय बोललात?”

“टाचणीचा डोह. तिसरं वळण.”

तो काठावर आला. माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाला, “सायब, हा नाव कोणी सांगला?”

“तुमच्या दादांनी.”

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. हळू आवाजात म्हणाला, “बा महिन्या-दोन महिन्यानी एकटा जायचा. मी विचारायचा, कठं? बोलायचा, टाचणीच्या डोहावर. मी बोलायचा, मना ने. कधी नेला नाय. मी लपून पाठी गेलो तं दगड मारून परत पाठवला मना. बा मेला तवापासून मी धुंडतोय तो डोह. पाड्यात कोणालाच ठाव नाय हा नाव. बायकोला पण मी कधी बोललो नाय.”

मी म्हणालो, “चल तर खरं. बघू.” दुसरं काय म्हणणार होतो?

एक वळण. दुसरं वळण. वाट इथे नदी सोडून टेकाडावरून जाते, म्हणून तिसऱ्या वळणाकडे फारसं कोणी उतरत नाही. नवसू म्हणाला, “इथला पाणी मी बघलाय. इथं मासा लागत नाय.” आम्ही निवडुंग टाळत खाली उतरलो.

डाव्या काठाला उंबर होता.

त्याचं एक मूळ पाण्यावर आडवं गेलं होतं. समोर काळा खडक, बसक्या म्हशीसारखा. साहेब आनंदानं तक्त्यावर एकेक खूण तपासत होते, “करेक्ट... करेक्ट... वा! याला म्हणतात नियोजन.” मी मुळावर जाऊन बसलो. माझे पाय पाण्याला टेकले. टाचेपर्यंत.

आता कोणी म्हणेल, नदीकाठी उंबर असतातच. बरोबर. उंबर तर नवसूच्याच बोलण्यातून माझ्या डोक्यात शिरला असेल, तेही कबूल. काळे खडकही ठिकठिकाणी आहेत. तिथवर मीही मनाची समजूत घातली असती.

पण नवसू माझ्या शेजारी वाकला आणि मुळाच्या खालच्या बाजूला हात घालून म्हणाला, “दादा...”

मुळाच्या सालीत टाचण्या टोचलेल्या होत्या. ओळीनं. गंजलेल्या, गळासारख्या वाकवलेल्या. काहींना अजून दोरा होता आणि त्यात कोंबडीच्या काळ्या पिसाचा तुरा. बाच्या हातचा दोरा, जाळ्याला मारायचा तशीच दुहेरी गाठ. साहेबांनी खिशातून भिंग काढलं. “अहो, हे तर फ्लाय आहेत! Hand-tied! कोणी शिकवलं त्यांना?”

कोणी नाही. बानं साहेबाची डबी कधी बघितली नव्हती.

“टाचण्या कुठून आणायचा तो?” मी विचारलं.

नवसूनं मूर्खात काढल्यासारखं माझ्याकडे बघितलं. “तुझ्या शाळंच्या कागदाच्या. शाळंतनं कागद यायचा, तुझं मार्क आणि अंगठ्याचा फारम, टाचणी लावलेला. कागद बा पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. टाचणी भिंतीच्या कुडाला खोचायचा. मी बोललो, दे मना, काटा काढायला. नाय दिली. मग ती कुडात दिसायची नाय.” मग म्हणाला, “टाचणीच्या गळाला मासा टिकतो काय? सटकतोच. त्या दिशी बा रिकाम्या हातानीच यायचा. मी आयेला बोलायचा, म्हातारा कामातून गेला.”

मी त्या टाचण्या मोजल्या नाहीत. नवसूनं मोजल्या, बोटांच्या पेरांवर, ओठ हलवत. किती ते बोलला नाही.

साहेबांनी विचारलं, यातली एक ठेवू का? नवसू म्हणाला, “माझ्या नायत. दादाच्या आहेत. दादाला विचारा.” मग माझ्याकडे वळून, साहेबांच्या देखत, सरळ विचारलं, “बानं तुला दाखवला ना हा डोह? तुला सांगला ना?”

या एका क्षणासाठी मी हे सगळं लिहितोय. मला म्हणता आलं असतं — नाही रे, नवसू, मला काही ठाऊक नव्हतं, मी थाप मारली होती, समोर टाचण्यांची डबी होती. साहेबांसमोर नाक कापलं गेलं असतं, इतकंच. पण ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला तो पोरगा आतून वर आला. आयुष्यात पहिल्यांदा नवसूकडे नसलेलं काहीतरी बाकडून माझ्याकडे आलं होतं, आणि नवसूच्या डोळ्यांत तेच दिसत होतं जे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांत होतं. मला ते बघून बरं वाटलं. खोटं का सांगू? फार बरं वाटलं.

मी म्हणालो, “हो. मलाच दाखवला होता.”

नवसूनं मान हलवली. “बरोबर आहे,” म्हणाला. “तुम्ही शिकलेले.”

*तुम्ही.* माझा सख्खा धाकटा भाऊ, मला जन्मापासून ‘तू दादा’ म्हणणारा. त्या दिवसापासून आजपर्यंत तो मला ‘तुम्ही’ म्हणतो. त्याच्या धाकट्या मुलीच्या बारशाला, आईच्या दिवसांना, शेताच्या कागदांवर अंगठा देताना. ‘तुम्ही बसा. तुम्ही जेवा.’ डहाणूच्या लोकांना हा मान वाटेल. आमच्याकडे घरच्या माणसाला असं कोणी बोलत नाही.

साहेबांना त्या डोहावर एक मोठा खडस मासा लागला. बारीक काळी माशी बांधली होती, नवसूनं सांगितली होती तशीच. हातात घेऊन त्यांनी तो परत पाण्यात सोडला. नवसू तेवढ्यात टेकाड चढून गेला होता. त्यानं बघितलं नाही.

याला दहा-अकरा वर्षं झाली. मी हा विषय सगळ्या बाजूंनी तपासला आहे. आमच्या कॉलेजचे एक मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, लहानपणी ऐकलेलं असतं, विसरलेलं वर येतं. तेवढं मलाही कळतं. पण मी सहाव्या वर्षी घर सोडलं, आणि टाचणी लावलेला पहिला कागद त्यानंतर घरी गेला. म्हणजे मी घरी होतो तेव्हा त्या डोहाला ते नाव असणंच शक्य नाही. बा आश्रमशाळेत मला भेटायला आला तो मोजून सात वेळा. मला सातही भेटी आठवतात. बैल, पाऊस, आईचा दमा. आणि निघताना, “तू वाच.” डोह नाही, टाचणी नाही. सुट्टीत कानावर आलं म्हणावं, तर घरात राहणाऱ्या नवसूलाही जागा कळली नव्हती. जयाबेन साक्षीला आहेत, रिटायर होऊन डहाणूतच असतात. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “मला आठवतंय ना. तुम्ही डबीकडे बघूनच बोललात.” मी म्हटलं, मग हे कसं झालं? त्या म्हणाल्या, “मने शुं खबर, भाई? मी नुसतं टाइप केलं.”

भगताला विचारलेलं नाही, विचारणारही नाही. योगायोग म्हणावं तर म्हशीसारखा खडक, पाय टेकणारं मूळ आणि ते नाव, तिन्ही एका जागी, माझ्या तोंडून? मला उत्तर मिळालेलं नाही. एक मात्र नक्की, आणि तेच सांगायला उशीर झाला : बानं मला काही दाखवलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी खोटं बोललो.

नवसूला वाचता येत नाही. पण त्याची थोरली मुलगी यंदा सातवीत आहे, तलासरीच्या वसतिगृहात राहते, सुट्टीला घरी येते. हा अंक निघाला की मी गावी जाणार आहे. या पानांना टाचणी लावून तिच्या हातात देणार आहे, तिचा बाप ओट्यावर असेल अशा वेळी. आणि तिला एवढंच सांगणार आहे — तू वाच. मोठ्यानं.